तोळे वाढले, कस उतरला

पुणतांब्याच्या पेठेतील एक ज्येष्ठ व्यापारी परवा गुडघ्याची क्ष-किरण प्रतिमा घेऊन आले. चाळीस वर्षे दुकानाच्या गादीवर मांडी घालून बसलेले. आता गोदावरीच्या घाटाच्या पायऱ्या तर दूरच, सामायिकासाठी खाली बसणेही त्यांना अवघड झाले आहे. प्रतिमेत सांध्यालगतचे हाड दाट, पांढरेशुभ्र दिसत होते. "डॉक्टरसाहेब, हाड तर चांगले भरलेले दिसते; मग काळजी कशाची?" असा त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न रास्त होता. हाडावर जसा भार येतो तशी त्याची रचना बदलते, हे जर्मन शल्यचिकित्सक ज्युलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये मांडले. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे झिजेच्या संधिवातात, सांध्यातील कूर्चा विरळ होते आणि धक्के खालच्या हाडावर येतात. हाड खनिज आणि कोलॅजनचे तंतू यांचे बनलेले असते. खनिजाने ताठरपणा येतो, तंतूंनी चिवटपणा. या आजारात जुने हाड काढून नवे रचण्याचे काम इतक्या घाईने चालते की नव्या हाडात खनिज पुरते मुरत नाही. थर जाड होतो, पण त्यातील पदार्थ निरोगी हाडापेक्षा कमी ताठर राहतो. सराफी भाषेत सांगायचे तर तोळे वाढले, कस उतरला.

म्हणूनच घनतेच्या आकड्यावर विसंबू नये. मणक्यातील वाढलेल्या हाडाच्या टोकांमुळेही तो आकडा फुगतो. घनता अधिक भरली तरी अस्थिभंगाचा धोका त्या प्रमाणात घटत नाही. शिवाय दुखऱ्या गुडघ्यामुळे तोल जाऊन पडण्याची भीती असतेच.

उपाय साधे आहेत. वजन 1 किलोने उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी हलका होतो. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम रोज करावा, उकिडवे बसणे टाळावे, न्हाणीघरात धरायला दांडी लावावी. वेदनाशामक गोळ्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नयेत; त्या मूत्रपिंडाला व जठराला बाधतात. वेदना वाढल्यास अस्थितज्ज्ञांना वेळीच दाखवावे.

गादी सोडून खुर्चीवर बसणे त्या काकांना कमीपणाचे वाटत होते. निघताना ते म्हणाले, "मालाचा कस आयुष्यभर पारखला, स्वतःच्या हाडाचा मात्र आज कळला." दुसऱ्या दिवशी दुकानात खुर्ची आली आणि सामायिकही आता ते खुर्चीवर बसूनच करतात. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांसाठी अशी एक खुर्ची आपणही आग्रहाने मांडावी.