प्रवरेकाठची उत्खातभूमी आणि सायकलस्वार
बंगळूरच्या मारतहळ्ळीतल्या मराठी सायकलस्वारांनी, रिंगरोडच्या डांबरावर कमावलेल्या दमाच्या भरवशावर, संगमनेरकडील प्रवरेकाठच्या उत्खातभूमीची मोहीम आखताना अंतराआधी मातीचा विचार करावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. नदीने युगानुयुगे साठविलेला गाळ ओहोळांनी चिरत गेल्यामुळे तेथे ज्या घळी पडल्या आहेत, त्यांच्या कडा पावसाळ्यात खचतात, आणि ओली माती चाक व मडगार्ड यांच्यामध्ये अशी घट्ट बसते की सायकल खांद्यावर घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून हिवाळाच पत्करावा. बाभळीच्या काट्यांसाठी जादा ट्यूबांची तजवीज आणि पाण्याचा बंदोबस्त आधीच करावा. परंतु सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उतारावर नवी चाकोरी मुळीच पाडू नये, कारण तिच्यातूनच पुढल्या मृगाचे पाणी वाहत जाऊन शेतकऱ्याचा बांध कापील.