हात चांगला आहे म्हणे!

साधा मोबाईल घ्यायचा तरी आपण हॉस्टेलवर आठ दिवस चर्चा करतो. पण सिन्नरच्या माझ्या मामांनी मणक्याचं ऑपरेशन कुणाकडे करायचं ते पाच मिनिटांत ठरवलं. का? तर शेजारच्या अण्णांचा गुडघा त्याच डॉक्टरांनी बदलला, 'हात चांगला आहे!' आता गुडघा कुठे नि मणका कुठे!

मी शंका काढली तर मामी म्हणाली, "डॉक्टरांना उलट प्रश्न विचारू नये रे." खरी गोम इथेच आहे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या मानेच्या मणक्याचं ऑपरेशन मुंबईत झालं. सर्जन होते डॉ. शेखर भोजराज, खास मणक्याचेच. मुख्यमंत्री मणक्याचा जाणकार बघतात, मग मामांनी का बघू नये?

गादी सरकल्याचं दुखणं बऱ्याचदा औषधं, व्यायामाने दीड-दोन महिन्यांत उतरतं. पायातली ताकद जायला लागली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र एक दिवसही थांबू नये. एरवी तीन प्रश्न बिनधास्त विचारावेत. ऑपरेशन नाही केलं तर काय होईल? अशी ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता? एमआरआयमध्ये दिसतंय ते आणि पायातली कळ जुळते का? शिवाय दुसऱ्या सर्जनचं मत घ्यावं. यात अपमान कसला? आपण नाही का व्हायवाला एक्स्टर्नलच्या प्रश्नांना उत्तरं देत?

शनिवारी मामा फाईल घेऊन नाशिकला येतायत, दुसऱ्या सर्जनकडे. प्रश्न मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत. विचारणार मात्र मामाच.