ऐतिहासिक एक, इंग्रजीत दोन!

मित्रमैत्रिणींनो, आज विशेषणांच्या जुळ्या भावंडांची गंमत पाहू या. ही भावंडं इतकी सारखी दिसतात, की एकाला हाक मारावी तर दुसरंच ‘ओ’ देतं! फरक फक्त शेपटाचा. एकाच्या शेवटी ‘इक’, दुसऱ्याच्या शेवटी ‘इकल’.

आपला घोटाळा होतो तो मराठीमुळे. (तिचा दोष नाही हं!) आपल्याकडे ‘ऐतिहासिक’ हा एकच शब्द सगळीकडे चालतो. रायगडावर १६७४ साली झालेला शिवरायांचा राज्याभिषेक ऐतिहासिक आणि रणजित देसाईंची ‘श्रीमान योगी’ ही कादंबरीही ऐतिहासिकच. इंग्रजीत मात्र थांबून विचारावं लागतं, की ही गोष्ट इतिहास घडवणारी आहे, की इतिहासाविषयीची? घडवणारी असेल तर हिस्टॉरिक. नुसती इतिहासाविषयीची असेल तर हिस्टॉरिकल. म्हणून राज्याभिषेक हिस्टॉरिक आणि कादंबरी हिस्टॉरिकल.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली, तो प्रवास हिस्टॉरिक. त्या दिवसावर तुम्ही स्नेहसंमेलनात नाटक बसवलंत तर ते हिस्टॉरिकल. नाटकाला कितीही टाळ्या पडल्या तरी हिस्टॉरिकलच बरं का, उगाच भाव खायचा नाही!

आणि हिस्टॉरिक व्हायला जुनं असावं लागतं, असंही नाही. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर आपला संघ १८३ धावांत बाद झाला, तरी कपिल देवच्या गड्यांनी वेस्ट इंडीजला १४० धावांत गुंडाळलं. तो विजय दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा हिस्टॉरिक होता. उलट आजोबांच्या पेटीतलं शंभर वर्षांपूर्वीचं नाणं घ्या. त्याला हिस्टॉरिकल महत्त्व असेल, पण त्या बिचाऱ्याने इतिहास काही घडवलेला नसतो.

इथे चुकलात तर फार तर एखादा मार्क जाईल. पुढची जोडी चुकली तर मात्र बाबांचीच पंचाईत! ती जोडी म्हणजे इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकल. इकॉनॉमिक म्हणजे अर्थव्यवस्थेशी संबंध असलेलं. १९९१ साली भारताने नवं आर्थिक धोरण स्वीकारलं, ती इकॉनॉमिक पॉलिसी. इकॉनॉमिकल म्हणजे थोडक्यात भागवणारं. लिटरभर पेट्रोलमध्ये लांब पळणारी स्कूटर इकॉनॉमिकल, गॅस वाचवणारा कुकरही इकॉनॉमिकल.

आता फीमाफीच्या अर्जात मुलं काय लिहितात पाहा: ‘माय फादर्स इकॉनॉमिकल कंडिशन इज नॉट गुड.’ वाचणाऱ्याने म्हणावं काय? यांच्या बाबांची काटकसर बिघडली आहे! जो माणूस चार पैसे वाचावेत म्हणून दोन स्टॉप चालत जातो, त्याच्यावर हा केवढा अन्याय! इथे फायनान्शियल हा शब्द वापरा. घरातल्या पैशाअडक्याविषयी बोलताना तोच शोभतो. पालकहो, अर्जावर सही करण्याआधी ही ओळ तेवढी बघाच.

तिसरी जोडी आपल्या अगदी घरची आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. इंग्रजी निबंधात हे लिहाल तेव्हा ‘क्लासिकल लँग्वेज’ लिहा, ‘क्लासिक’ नव्हे. प्राचीन, शास्त्रशुद्ध परंपरेचं ते क्लासिकल. भीमसेन जोशींचं ख्यालगायन म्हणूनच क्लासिकल म्युझिक. क्लासिक म्हणजे आपल्या प्रकारातला अव्वल नमुना, वर्षं लोटली तरी फिका न पडणारा. आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा ‘श्यामची आई’ हा चित्रपट क्लासिक. मराठीत आपण दोन्हींना ‘अभिजात’ म्हणून मोकळे होतो!

सगळीच जुळी अशी भांडत नाहीत. जिऑग्राफिक आणि जिऑग्राफिकल एकाच अर्थाने गुण्यागोविंदाने नांदतात. पब्लिकला तर दुसरं भावंडच नाही. तेव्हा शंका आली की शब्दकोश उघडायचा.

आता तुमची पाळी. १७६१ सालची पानिपतची लढाई, विश्वास पाटलांची ‘पानिपत’ कादंबरी आणि कमी वीज खाणारा एलईडी दिवा, या तिघांना कोणकोणतं विशेषण लावाल? दिव्याजवळ जरा जपून! उत्तरं वहीत लिहून ठेवा, पुढच्या अंकात ताडून पाहू.