कागदावर खुले, प्रत्यक्षात बंद

बंगळुरूत पीएचडीचे काम करताना ‘बहिष्कृत भारत’मधल्या बाबासाहेबांच्या लेखांत मी संगणकावर ‘पाणी’ हा शब्द शोधला. निकाल शून्य. पानावर शब्द डोळ्यांना दिसत होता. पण माझ्याकडची फाईल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली. संगणकाच्या लेखी ती नुसती निरर्थक रोमन अक्षरे.

भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६चे. म्हणजे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन १ जानेवारी २०१७पासून सर्वांचे आहे.

हक्क आहे, पण वापरता येत नाही, हे आपल्याला नवे नाही. १९२३च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे खुले झाले. तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला १९२७ साली महाडचा सत्याग्रह करावा लागला.

म्हणून मुक्त सॉफ्टवेअर आणि खुले फॉन्ट हा इथल्या आयटीवाल्यांचा हौशी वाद नाही. जनतेच्या पैशातून छापलेला बाबासाहेबांचा प्रत्येक खंड शासनाने युनिकोडमध्ये मोफत द्यावा. त्यात शब्द शोधता यावा, अंध वाचकाला तो ऐकता यावा. नुसती स्कॅन टाकून मोकळे होणे म्हणजे तळे खुले करून घाटावर कुलूप लावणे.

जय भीम.