डोळे मिटण्याचा आळ

“दहा दिवस डोळे मिटून बसलास, तेवढ्यात विहिरीचा गाळ तरी उपसला असतास!” इगतपुरीच्या विपश्यना शिबिराहून मेहकर तालुक्यातल्या गावी परतलो, तेव्हा थोरल्या भावाने केलेले हे स्वागत. वडिलांनी १९५६ साली नागपुरास दीक्षा घेतली. तेव्हापासून ध्यान म्हणजे पुन्हा मोक्षाची भानगड, असा आमच्या घरात संशय. तो अगदीच निराधार नाही. शिबिरांच्या वाऱ्या करून शेजारच्या उपाशी माणसाकडे न पाहणारे महाभाग मीही पाहिले आहेत.

पण वाचकहो, विनयपिटकातला तो अतिसाराने मळात पडलेला भिक्षू आठवा. तो कुणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून सोबती त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले, दोघांनी उचलून त्याला खाटेवर निजविले. माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची करावी, असे बुद्धांनी भिक्षूंना बजावले. ध्यानाने हात आखडतात म्हणणारांनी याचे उत्तर द्यावे!

गतवर्षी भावाला पक्षाघात झाला. पहिल्या आठवड्यात त्याच्या शिव्यांना मी शिव्यांनीच उत्तर देई. किळसही येई. श्वासाकडे पाहत राग उतरू देण्याची सवय नसती, तर पळालोच असतो. आता वस्तीतल्या आणखी दोन आजाऱ्यांचे करतो.

भावाचा आक्षेप मात्र कायम आहे. विहीर वैशाखी पौर्णिमेआधी उपसायची ठरली आहे.