भाषांतर होत नाही म्हणे!

२२ जानेवारी २०१९, डर्बन. पाकिस्तानचा कर्णधार सर्फराज अहमद यष्टींमागून दक्षिण आफ्रिकेच्या अँडिले फेहलुक्वायोला 'अबे काले' म्हणतो आणि पुढे त्याच्या आईबद्दल काहीतरी बोलतो. स्टंपमधला माइक ते टिपतो. समालोचन करणारा सहकारी विचारतो, काय म्हणाला तो? रमीझ राजा सांगतात, भाषांतर अवघड आहे, वाक्य फार लांब आहे.

भाषांतरावर पोट असलेल्या माणसाला हे उत्तर विसरता येत नाही. 'याचं भाषांतर होत नाही' ही सबब मीही अनेकदा पुढे केली आहे, पण ती 'सोवळं' किंवा 'माहेर' अशा शब्दांपाशी. शिवीचं भाषांतर होतं. त्या दिवशीही एका श्वासात झालं असतं. ते करायचं नव्हतं, इतकंच.

सर्फराजने नंतर माफी मागितली, तीत एक स्पष्टीकरण होतं : आपले शब्द प्रतिस्पर्ध्याला ऐकू जावेत, समजावेत असा हेतू नव्हता. म्हणजे समोरच्याला भाषा येत नाही, हीच सोय. आयसीसीने त्याला चार सामने बाहेर बसवलं. त्यावर 'आमच्याकडे तर घरातही असं म्हणतात' असं सांगणारे मला सीमेच्या अलीकडेही भेटले.

घरात म्हणतात हे खरंच आहे. मराठीत काळू हे लाडाचं नाव आहे, मांढरदेवीची काळूबाई तर देवीच आहे. पण लाडाच्या नावाची एक अट असते : ज्याला हाक मारायची, त्याला तिचा अर्थ ठाऊक हवा. डॅरेन सॅमीला तो ठाऊक नव्हता. वेस्ट इंडीजला दोन टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून देणारा हा कर्णधार आयपीएलमध्ये सनरायझर्स हैदराबादकडून खेळताना 'कालू' ही हाक ऐकत होता आणि तिचा अर्थ ताकदवान घोडा असा काहीतरी समजत होता. खरा अर्थ त्याला २०२० मध्ये कळला. त्या ड्रेसिंग रूममध्ये दोन्ही भाषा येणारे कमी नसावेत. पुढे एका सहकाऱ्याने ते प्रेमाने होतं असं सांगितलं आणि सॅमीने मोठ्या मनाने ते मानलं. मला मानवत नाही.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हा प्रश्न नीट सोडवला होता. २०११ मध्ये लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझने पॅट्रिस एव्राला उद्देशून 'नेग्रो' हा शब्द वापरला. उरुग्वेत तो मित्रालाही म्हणतात, असा त्याचा बचाव. समितीने भाषेच्या जाणकारांना बोलावलं. त्यांनी मान्य केलं, हो, तो शब्द आपुलकीचाही असतो; पण भांडताना, खिजवताना नसतो. आठ सामने बंदी, चाळीस हजार पौंड दंड आणि शंभरहून अधिक पानांचा निकाल. शब्द कोशातून उचलायचा नाही, तोंडातून उचलायचा. भाषांतराच्या वर्गात पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात.

आणि आपण? २००८ च्या सिडनी कसोटीनंतर हरभजनसिंगवर अँड्र्यू सायमंड्सला 'मंकी' म्हटल्याचा आरोप होता. अपिलात तो टिकला नाही. तीन कसोट्यांची बंदी गेली, सामन्याच्या मानधनातला अर्धा हिस्सा दंड म्हणून उरला. बचाव असा, की तो शब्द इंग्रजी नव्हताच, आईवरची हिंदी शिवी होती. काय ऐकू आलं असेल ते असो. पण आईवरून शिवी दिली हा बचाव होऊ शकतो, आणि अख्खा देश तो ऐकून सुटकेचा निःश्वास टाकतो, याची तेव्हा कोणाला लाज वाटल्याचं मला आठवत नाही.

इथे कोणीतरी अभिव्यक्तिस्वातंत्र्य काढतं. पुस्तकबंदीच्या विरोधातल्या पत्रकांवर सह्या करणाऱ्यांपैकी मी आहे, म्हणून सांगते : कलम १९ हे सरकारचा हात धरण्यासाठी आहे. करार करून, आचारसंहिता मान्य करून खेळणाऱ्याला संघटनेने चार सामने बसवणं म्हणजे गळचेपी नव्हे. त्याला घरी बसून हवं ते बोलता येतं.

मात्र संघटनेने कान बंद केले की प्रकरण पोलिसांत जातं, किंवा कुठेच जात नाही. एप्रिल २०२० मध्ये युवराजसिंगने इन्स्टाग्रामवर रोहित शर्माशी गप्पा मारताना दुसऱ्या एका खेळाडूची थट्टा करायला सफाई करणाऱ्या एका जातीचं नाव वापरलं. ते शिवीसारखं वापरलं जातं हे सगळ्यांना कळतं; भाषांतराची गरजच नव्हती. जूनमध्ये त्याने खेद व्यक्त केला. तो निवृत्त झालेला, गप्पा मैदानाबाहेरच्या, म्हणून खेळाच्या नियमांत काही बसत नव्हतं. शेवटी हरियाणात हांसीला गुन्हा दाखल झाला, २०२१ मध्ये अटक आणि लगेच जामीन. खेळाडूच्या तोंडातल्या शब्दासाठी पोलीस ठाणं मला आवडत नाही. पण तक्रार करणाऱ्याने दुसरं कुठलं दार ठोठवायचं होतं? आयसीसीच्या वर्णद्वेषविरोधी संहितेत वर्ण, धर्म, संस्कृती यांच्या जोडीला जन्मकुळाचाही उल्लेख आहे. तिथे 'जात' हा शब्द लिहायला एक ओळ पुरेल. तो कोणत्याही भाषेत लिहिता येतो, इंग्रजीतसुद्धा.