कळते, पण वळत नाही

मधुमेह जडलेल्या गृहस्थापुढे पंगतीत बासुंदीची वाटी येते. ती आपल्याला वर्ज्य आहे हे तो जाणतो, डॉक्टरांनी बजावलेले असते, पत्नी समोरच्या पंक्तीतून पाहत असते. तरीही वाटी रिकामी होते. ‘कळते, पण वळत नाही’ असे म्हणून आपण विषय संपवतो. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञांनी तो तेथूनच आरंभिला.

प्लेटोच्या ‘प्रोटागोरस’ या संवादातील सॉक्रेटीस म्हणतो, असे घडणे शक्यच नाही. चांगले काय हे ज्याला खरोखर कळले, तो त्याविरुद्ध वागणार नाही. वागला तर त्याला ते कळलेलेच नव्हते. अ‍ॅरिस्टॉटलला (इ. स. पू. ३८४–३२२) हे मत प्रत्यक्ष अनुभवाशी उघड विसंगत वाटले. ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या सातव्या भागात त्याने या दौर्बल्याची चिकित्सा केली आहे. त्याचे ग्रीक नाव ‘अक्रासिया’, म्हणजे स्वतःवर सत्ता नसणे. वासनेच्या भरात ज्ञान नष्ट होत नाही. ते निद्रिस्ताच्या किंवा मद्यधुंदाच्या ज्ञानासारखे होते. धुंदीतला माणूस एम्पेडोक्लीसची पद्ये धडाधड म्हणून दाखवील, पण अर्थ त्याच्या मनाला शिवत नाही. या मर्यादेत सॉक्रेटीसचे म्हणणेही काहीसे टिकते, हे तो प्रांजळपणे मान्य करतो.

त्याच पंगतीत आणखी तिघे बसले आहेत असे समजा. एक जण पथ्य असूनही खातो आणि त्याला खंतही नाही, कारण समोरचे सुख घ्यावे हेच त्याचे तत्त्व. दुसरा वाटीकडे आसुसून पाहतो, पण हात आवरतो. तिसऱ्याच्या मनात ती ओढच उठत नाही. जेवणाचा आनंद तो घेतो, पण योग्य तेवढाच. ग्रीक भाषेत हात आवरणे ते ‘एन्क्रातेइया’ आणि ही सहज मिताचारिता ती ‘सोफ्रोसिने’. सद्गुणाचा मान अ‍ॅरिस्टॉटल या तिसऱ्यालाच देतो. (हा संन्यासाचा पुरस्कार नव्हे, सुखाविषयीची बधिरताही तो दोषच मानतो.)

हे मला प्रथम फार अन्यायाचे वाटले. झुंजून जिंकणारा दुय्यम, आणि ज्याला झुंजावेच लागले नाही तो श्रेष्ठ? परंतु ती सहजता जन्मजात नसते. घरे बांधून माणूस गवंडी होतो, न्यायाने वागून न्यायी होतो, तशी आवडनिवडही सवयीने घडत जाते. सद्गुण म्हणजे ‘हेक्सिस’, अंगी मुरलेली स्थिती. त्यात हाताइतकीच इच्छाही शिकवावी लागते. झुंजणाऱ्याचे शिक्षण अजून चालू आहे, असे मी समजतो.

आणि आपल्या गृहस्थाचे काय? ज्या नगराने उत्तम कायदे केले, पण जे ते पाळत नाही, त्याची उपमा अ‍ॅरिस्टॉटल त्याला देतो. खंत नसलेल्याची गत याहून वाईट. त्याच्या नगरात कायदे पाळले जातात, पण कायदेच वाईट. त्याला पालटणेही कठीण, कारण चुकल्याची जाणीव नाही. पश्चात्ताप होणारा मात्र सुधारू शकतो.

हे शेवटचे विधान मी घरी मोठ्याने वाचून दाखवले. कारण वाटी माझीच होती. ‘मग पुढच्या लग्नात पाहू,’ एवढेच सौभाग्यवती म्हणाल्या.